कडी, कोयंडा आणि शेजार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

वर्तमानपत्रातली काही वाक्ये आपल्याला पाठ असतात. ‘दाराचा कडी-कोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी घरात प्रवेश केला आणि कपाटातील ऐवज लंपास केला.’ गावाचे नाव बदलते, रकमेचा आकडा बदलतो, वाक्य तेच राहते. शब्दांशी रोजचा संबंध असूनही या वाक्याकडे मी कधी नीट पाहिले नव्हते. त्यात एक उपयोगाची माहिती दडलेली आहे, हे मला २०१४ साली कळले. त्या वर्षी ते वाक्य माझ्याच घराबद्दल छापून आले.

आम्ही सोलापुरात एका तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. नात्यातल्या एका लग्नासाठी दोन दिवस घर बंद होते. परत आलो तर दार उघडे आणि कुलूप मात्र जसेच्या तसे, बंद, कडीत लोंबकळत असलेले. पत्नीच्या पाटल्या गेल्या, मुलीसाठी साठवलेले थोडे सोने गेले. माझ्या कपाटातली एक जाडजूड पेटीही चोरांनी मोठ्या आशेने फोडली होती. तिच्यात पंचवीस वर्षांच्या कवितांच्या वह्या होत्या. त्या त्यांनी पलंगावर पालथ्या करून ठेवल्या आणि एकही नेली नाही. घरात रडारड चालू असताना मला हसू आले, आणि त्याबद्दल पत्नीने आजतागायत मला माफ केलेले नाही.

पंचनाम्याला आलेले हवालदार वयस्कर होते. मी सारखे कुलूप दाखवत होतो, ‘साहेब, चांगल्यातले आहे हो, महाग घेतले होते.’ ते म्हणाले, ‘कुलूप चांगलेच आहे. त्याला कुणी हातच लावला नाही. तुम्ही खाली बघा.’ खाली फरशीवर चार स्क्रू पडले होते. त्यांनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. अर्ध्या इंचाचा होता. शेकडो रुपयांचे कुलूप त्या चार स्क्रूंच्या भरवशावर लोंबत होते.

तेव्हा ते वाक्य मला समजले. चोर कुलूप फोडत नाही, कोयंडा उचकटतो. भारतात कुलपे चांगली बनतात. अलीगढचे नाव त्यासाठीच आहे, आणि आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत कुलपांचा कारखाना काढला तेव्हापासून आपल्याकडे कुलूप ही विश्वासाची वस्तू झाली. पण कुलूप ज्या कोयंड्यात अडकते तो कोयंडा, तो ज्या चौकटीवर बसतो ती चौकट, आणि चौकट ज्या भिंतीत रोवलेली असते ती भिंत, हे सगळे मिळून दार होते. यातले सर्वांत कच्चे जे असेल तेवढीच आपल्या दाराची ताकद. आमच्या ओळखीच्या सुतारमामांनी मग मला धडाच दिला. कोयंड्याला स्क्रू नकोत, चौकटीतून आरपार जाणारे बोल्ट घाला आणि नट आतल्या बाजूने आवळा. बिजागऱ्यांना लांब स्क्रू लावा. चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या बसवल्या आहेत की नुसत्या सिमेंटवर ती उभी आहे, हे दाराला खांदा देऊन बघा. लॅचचे दार नुसते ओढून घेतले म्हणजे ते कुलूपबंद झाले असे नाही, किल्ली फिरवूनच जिना उतरा. आणि बाहेर लोंबणारे कुलूप काढून दाराच्या आत बसणारे कुलूप घ्या. कारण लोंबते कुलूप येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगत असते की घरात कुणी नाही. मला हे फार पटले. इतकी वर्षे माझ्या दारावर तसा फलक टांगलेला होता.

दार दुरुस्त झाले, भीती मात्र दुरुस्त होईना. चोरी झालेल्या घरातली माणसे मला समजतील. गेलेल्या वस्तूंचे दुःख काही दिवसांत ओसरते. आपल्या कपाटातल्या कपड्यांवरून परक्याचा हात फिरला, ही जाणीव मात्र बराच काळ राहते. रात्री लिफ्टचा आवाज झाला तरी मी उठून बसे. माझ्या आवाजावरून तुमच्या लक्षात आलेच असेल की मी काही पैलवान नव्हे. तरीही एका बाजारच्या दिवशी मी कुऱ्हाडीचा बाभळीचा दांडा विकत घेतला. विकणाऱ्याने विचारले, ‘कुऱ्हाड नको का?’ मी म्हटले, ‘नको, नुसता दांडा.’ तो पलंगाखाली ठेवून मी झोपू लागलो, आणि खोटे कशाला सांगू, झोप जरा बरी लागू लागली.

त्यानंतर दोनेक महिन्यांनी पहाटे साडेतीनच्या सुमारास दाराशी खुडबूड ऐकू आली. मी दांडा घेऊन अंधारात बाहेरच्या खोलीत गेलो. दिवा लावला नाही. दिवा लावला तर चोराला आपण दिसू, असा विचार मी केला होता. दार उघडले, एक उंच आकृती आत आली, आणि मी दांडा उगारला. त्याच क्षणी ती आकृती चपलांच्या मांडणीला अडखळली आणि दबक्या आवाजात म्हणाली, ‘या अल्ला!’ तो माझा मुलगा होता. पुण्याला शिकत होता, अचानक सुटी मिळाली म्हणून रात्रीच्या गाडीने आला होता. फोनची बॅटरी संपलेली, आणि आमची झोपमोड नको म्हणून स्वतःजवळच्या किल्लीने त्याने दार उघडले होते. हात खाली येऊ लागलेलाच होता. तो जेमतेम वळला आणि मांडणीच्या कडेवर आदळला. तिथली खोक अजून तशीच आहे.

त्या पहाटे आम्ही तिघेही दिवे लावून चहा पीत बसलो होतो आणि कुणीच काही बोलत नव्हते. माझ्या मनात एकच हिशेब चालू होता. तो अडखळला नसता तर? मी घराचे रक्षण करायला उठलो होतो, आणि त्या रात्री त्या घरात सर्वांत धोकादायक कुणी असेल तर तो मीच होतो.

घराच्या रक्षणाची तयारी म्हणजे काय, याचा विचार मी तिथून पुढे सुरू केला. दार, जाळी, साखळी, दिवा यांचे काम काय? चोराला कायमचे अडवणे हे त्यांचे काम नाही. पुरेसा वेळ आणि पुरेशी निवांत जागा मिळाली तर कुठलेही दार उघडते. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला हत्तीने धडक देऊ नये म्हणून केवढे खिळे ठोकलेले आहेत, आपण सर्वांनी पाहिले आहेत. पण ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांना वाड्यात मारणारे गारदी पेशव्यांच्याच चाकरीतले होते. दार आपल्याला वेळ मिळवून देते, एवढेच. तेवढ्या वेळात आपण जागे व्हायचे, कोण आहे ते ओळखायचे, हाक मारायची आणि मदत पोचायची. माझ्या दांड्याने मला वेळ दिला नाही. होता तोही काढून घेतला. ओळखायला लागणारे दोन क्षणदेखील त्याने ठेवले नाहीत.

इथे थोडे कायद्याविषयी बोलायला हवे, कारण त्याबाबत आपल्याकडे दोन टोकांचे समज आहेत. काहींना वाटते, घरात शिरलेल्या माणसाला काहीही करावे, कायदा आपल्याच बाजूने असतो. काहींना वाटते, चोराला ओरखडा उठला तरी आपणच तुरुंगात जाऊ. मी वकील नाही, साधा बी. ए. आहे. पण एका वकील मित्राकडे बसून मी ही कलमे वाचली. जुन्या भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ ही कलमे होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात हाच हक्क ३४ ते ४४ या कलमांमध्ये आला आहे. याला खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. स्वतःच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण तर त्यात येतेच, शिवाय दुसऱ्याच्याही शरीराचे आणि मालमत्तेचे येते. म्हणजे शेजाऱ्याच्या हाकेला धावून जाणाऱ्यालाही कायद्याचा आधार आहे.

या हक्काची मुळे मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ साली सादर केलेल्या मसुद्यात आहेत. हिंदुस्थानातले लोक लुटारूंपुढे निमूटपणे मान तुकवतात, तेव्हा या हक्कावर फार बंधने घालण्यापेक्षा लोकांना धीर देणेच योग्य, असा त्या मसुद्यामागचा विचार होता. मेकॉलेसाहेबांचे आपल्याविषयीचे मत एकूणच बेताचे होते, पण त्यामुळे आपल्याला कलमे मात्र उदार मिळाली. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी घरफोडी होत असेल, जबरी चोरी होत असेल, राहत्या घराला कुणी आग लावत असेल, किंवा जीव जाण्याची अथवा जबर दुखापतीची रास्त भीती वाटावी अशा रीतीने कुणी घरात घुसले असेल, तर हा हक्क समोरच्याचा जीव जाण्यापर्यंतही पोचू शकतो. घरफोडी व्हायला दार फुटलेच पाहिजे असेही नाही. भिंत चढून, छताच्या झरोक्यातून उतरून किंवा कुलूप उघडून आत येणे हीदेखील कायद्याने घरफोडीच.

पण या सगळ्याला ३७व्या कलमाची वेसण आहे. बचावाला जेवढी गरज आहे त्याहून जास्त इजा करता येत नाही. आणि पोलिसांकडे जाण्याइतका वेळ हाताशी असेल तर हा हक्कच उरत नाही. रात्रीच्या घरफोडीबाबत परका माणूस घरात आहे तोवर हक्क आहे. तो पळून गेल्यावर गल्लीत गाठून त्याला मारणे, पकडल्यावर हातपाय बांधून मारणे, हे संरक्षण नव्हे. तो स्वतंत्र गुन्हा आहे. सद्भावनेने पण हद्द ओलांडून जीव घेतला, तर तो खून ठरला नाही तरी सदोष मनुष्यवध ठरतो. घाबरलेल्या माणसाने प्रत्येक फटका तराजूत तोलून मारावा अशी अपेक्षा न्यायालये ठेवत नाहीत, हेही खरे. मात्र भीती रास्त होती हे दाखवायचे काम आपल्याकडे येते. मी त्या पहाटे दिवा न लावता, हाक न देता दांडा उगारला होता. मी काय दाखवणार होतो?

या बाबतीत माझ्यापेक्षा माझी अम्मा कितीतरी शहाणी होती. तिला कायद्याचे एक कलम माहीत नव्हते.

माझे बालपण सीनेच्या काठच्या एका गावात गेले. घर माळवदाचे, भिंती दगड-मातीच्या, उजेडासाठी छताला सवणे. अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते आणि त्यांची गाडी मुक्कामाची. आठवड्यातल्या तीन-चार रात्री ते परगावी असत. घरात अम्मा, दादी आणि आम्ही चार भावंडे. म्हणजे चोराच्या दृष्टीने याहून सोयीचे घर नाही. अम्माची रोजची तयारी ठरलेली असे. दाराला कडी घातली की मागून आडवा अडणा. अडण्यापुढे ॲल्युमिनियमच्या पातेल्यांची उतरंड, धक्का लागला तर गावभर आवाज जाईल अशी. सवण्यावर जड फरशी. कंदील मंद करून कोनाड्यात, पण विझवलेला कधीच नाही. बाहेर उंबऱ्याशी एक पिवळे कुत्रे झोपे. दादी त्याला उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नसे, पण तव्यावरची पहिली भाकरी त्याची असे.

आम्हा मुलांनाही कामे वाटून दिलेली होती. काही झाले तर मी धाकट्या बहिणीला उचलायचे, थोरल्या भावाने दादीला धरायचे, सगळ्यांनी आतल्या खोलीत जायचे. कुणीही दाराकडे जायचे नाही. आणि अम्मा काय करणार, तर उखळातला बत्ता घेऊन मधल्या भिंतीवर तीन ठोके देणार. आमची आणि शेजारची भिंत एकच होती. तिच्यात दोन्हीकडून कोनाडे काढल्यामुळे तिथे ती पातळ झाली होती. पलीकडे तात्या आणि त्यांची आई राहत. तिला सारे गाव आक्का म्हणे. तीन ठोके पडले की पलीकडून दोन ठोके यायचे, म्हणजे ‘ऐकले, येतो’. अम्मा आणि आक्का यांनी ही रीत बसवली होती. महिन्यातून एकदा दोघी ठोके देऊन भिंत तपासतही असत, आणि मग तशाच भिंतीला कान लावून दुसऱ्याच काही गप्पा मारत बसत.

दार ठोठावले गेले तर अम्माचा एक नियम होता. आधी ‘कोन है?’ मग नाव, मग गाव, मग कुणाकडचे. हे सगळे कळेपर्यंत कडीला हात नाही. आमच्याकडे पाहुण्याला शिकवण अशी की दारात तीनदा सलाम द्यावा, उत्तर नाही आले तर मुकाट परत फिरावे. अम्मा म्हणायची, जो बोलतो तो पाहुणा. जो बोलत नाही त्याच्यासाठी बत्ता.

१९८३ चा रमजान ऐन मृगात आला होता. त्या उन्हाळ्यात आमच्या भागात दरोड्यांची आवई उठली होती. दरोडेखोर अंगाला तेल चोपडून येतात म्हणजे हातात सापडत नाहीत, अमक्या गावात चाळीस तोळे गेले, तमक्या वाडीवर म्हातारीचे कान तोडून नेले. तसे झालेले घर कुणी पाहिले नव्हते. गावातल्या पोरांनी गस्त सुरू केली. हातात काठ्या, बॅटऱ्या, गळ्यात शिट्ट्या. अब्बा रात्री नसत, त्यामुळे त्या गस्तीचा सर्वांत मोठा आधार आम्हालाच वाटे. पोरे आमच्या दारावरून जाताना मुद्दाम काठी आपटत आणि विचारत, ‘मावशी, ठीक हाय न्हवं?’

सहरीसाठी उठवायला दरवर्षी एक म्हातारे फकीर येत. हातात डफ आणि कंदील घेऊन मुसलमानांच्या दहा-बारा घरांपुढून जायचे, गाणे म्हणत हाका मारायच्या. त्या वर्षी ते आजारी पडले आणि त्यांनी नदीपलीकडच्या गावातून आपल्या भाच्याला पाठवले. हे कुणालाच माहीत नव्हते. ढगाळलेल्या काळ्याकुट्ट रात्री, तीनच्या सुमारास, गस्तीला वेशीजवळ एक अनोळखी माणूस दिसला. खांद्याला झोळी, कंदील वाऱ्याने विझलेला. पोरे ओरडली. पाच-सहा काठ्या आपल्याकडे धावत येताना पाहून तो पळाला. पळाला म्हणून चोर ठरला.

आमच्या घरासमोरच त्याला पाडले. आम्ही आत अंधारात एकमेकांना घट्ट धरून बसलो होतो. दरोडा पडला असेच मला वाटले. काठ्यांचा आवाज येत होता आणि मी मनात म्हणत होतो, मारा, आणखी मारा. तेरा वर्षांचा होतो. दादीला डफ जमिनीवर पडून घरंगळल्याचा आवाज ओळखू आला. मग तो माणूस ‘अल्ला के वास्ते’ म्हणून ओरडला. अम्माने दार उघडले नाही. तिने बत्ता उचलला आणि भिंतीवर ठोके दिले, तीन नव्हे, थांबेचना. तात्या धोतर सावरत बाहेर आले आणि आडवे पडल्यासारखे त्या माणसाच्या आणि काठ्यांच्या मध्ये शिरले. दोन काठ्या त्यांनाही बसल्या. मग बॅटरी तोंडावर धरली गेली. तोवर ती कुणीच धरली नव्हती.

मनगट मोडले होते, डफ फाटला होता. सकाळी तात्यांनीच त्याला पहिल्या एस.टी.ने तालुक्याच्या दवाखान्यात नेले. गस्तीतली पोरे वाईट नव्हती. त्यातल्या दोघांनी तिकिटाचे आणि औषधाचे पैसे दिले, एक तर ओक्साबोक्शी रडला. पुढच्या रात्रीपासून तात्यांनी गस्तीला नियम घालून दिला. आधी बॅटरी, मग नाव-गाव, मग ते खरे की खोटे हे सांगू शकेल अशा घरी त्या माणसाला न्यायचे. काठी फक्त अंगावर येणाऱ्यासाठी. पण त्या रमजानचे उरलेले रोजे आम्हाला उठवायला कुणी आले नाही. अब्बांनी सोलापुरातून गजराचे घड्याळ आणले. पुढेही गावात सहरीचा डफ वाजल्याचे मला आठवत नाही.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला पाच माणसे जमावाने ठेचून मारली, तेव्हा मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचली. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी माणसे. त्यातली बहुतेक माझ्याच जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातली. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघर जिल्ह्यात गडचिंचले इथे दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर असेच मारले गेले. तिथेही चोर येत असल्याची अफवा होती आणि गाव पहाऱ्यावर होते. दोन्ही ठिकाणी लोक आपली घरे आणि आपली लेकरे राखायलाच बाहेर पडलेले होते. मारणाऱ्यांची मी बाजू घेत नाही, तो सरळ सरळ खून आहे. मी एवढेच सांगतो की ‘मारा, आणखी मारा’ हे शब्द माझ्याही मनात येऊन गेलेले आहेत, आणि ते कसे येतात हे मला ठाऊक आहे.

परका म्हणजे चोर, हे समीकरण आपल्याकडे एके काळी कायद्यातच होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कितीतरी भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. १९५२ साली तो कायदा रद्द होऊन त्या जमाती विमुक्त झाल्या. सोलापुरात त्यांना ठेवलेल्या जागेला लोक अजून ‘सेटलमेंट’च म्हणतात. म्हणून गावात किंवा सोसायटीत गस्त घालायची असेल तर ती पोलीस पाटलांना आणि ठाण्याला कळवून, नावांची यादी देऊन घालावी. संशयित सापडला तर ११२ ला फोन करून पोलीस येईपर्यंत त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे. हात लावण्याची गरज नसते. आणि मोबाइलवर आलेला निरोप पुढे ढकलण्यापूर्वी ज्या गावाचे नाव त्यात आहे तिथल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला विचारावे.

आता घराकडे परत येतो. आमच्या घरात हल्ली जी व्यवस्था आहे ती बरीचशी अम्माचीच आहे, फक्त बत्त्याच्या जागी मोबाइल आला आहे. झोपताना फोन उशाशी, चार्जिंगला लावलेला. ११२ आणि समोरच्या घराचा क्रमांक एका बोटावर. दाराला भिंग आहे, साखळी आहे, आणि जिन्यात रात्रभर दिवा आहे. त्याचे बिल चार घरांत वाटून घेतो. त्यावरून दर वर्षी भांडण होते, ते वेगळे. रात्री काही वाजले तर दिवा आधी लावायचा आणि मोठ्याने विचारायचे, कोण आहे? रिकामे घर समजून शिरलेला चोर एवढ्यानेच सहसा पळतो, आणि आपला माणूस असेल तर तो उत्तर देतो. खरोखरच कुणी आत आले असेल तर सगळ्यांनी मागच्या खोलीत जाऊन आतून कडी लावायची आणि फोन करायचा. सोने-नाणे त्याच्यासाठी सोडायचे. वाट अडवायची नाही, पाठलाग करायचा नाही. नंतर कशाला हात लावायचा नाही, बोटांचे ठसे पोलिसांना हवे असतात.

कुणी मिरचीपूड ठेवायला सांगतात, कुणी कोयता. मिरचीपूड बंद खोलीत आपल्याच डोळ्यांत जाते, आणि कोयता ज्याच्या हाताला त्याची सवय आहे त्याच्याकडे जातो. तो हात बहुधा आपला नसतो. बंदुकीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. आणि घरात पोरेबाळे असताना ती सांभाळायची कशी, हा चोरापेक्षा मोठा प्रश्न होऊन बसतो.

एक गोष्ट मात्र हवालदारांनी सांगितली नव्हती, सुतारमामांनी सांगितली. चोरीनंतर मी सगळ्या खिडक्यांना, गॅलरीलादेखील भक्कम जाळ्या ठोकायला निघालो होतो. ते म्हणाले, ‘ठोकतो की. पण आग लागली तर निघणार कुठून?’ मी गप्पच झालो. आपण चोर बाहेर राहावा म्हणून जाळ्या लावतो आणि गॅस किंवा शॉर्टसर्किटच्या आगीत त्याच जाळ्यांच्या आत अडकतो. मग गॅलरीच्या जाळीला एक झडप ठेवली. तिची किल्ली आतल्या बाजूला, बाहेरून हात पोचणार नाही अशा खिळ्यावर असते. ती कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला अंधारातही माहीत आहे. पाहुण्यांच्या मुलांना मी ती दाखवतो तेव्हा पत्नी हसते.

बाहेरगावी जाताना पेपरवाल्याला आणि दूधवाल्याला सांगून जातो. दारात साचलेले चार दिवसांचे पेपर लोंबत्या कुलपापेक्षा जास्त बोलतात. प्रवासाचे फोटो घरी परतल्यावरच लोकांना दाखवतो. समोरच्या जोशीणबाईंकडे, म्हणजे आमच्या ताईंकडे, आमच्या घराची एक किल्ली असते आणि त्यांची आमच्याकडे. त्या रोज संध्याकाळी आमच्या बाहेरच्या खोलीतला दिवा लावतात. किल्ली पायपुसण्याखाली किंवा कुंडीत ठेवणे आम्ही बंद केले आहे. ती जागा चोराला आपल्याआधी सुचते.

बाभळीचा दांडा अजून घरात आहे. गॅलरीतल्या कारल्याच्या वेलाला त्याचा टेकू दिला आहे आणि वेल त्यावर चांगला चढला आहे. मुलगा आता नोकरीला लागला, तरी अवेळीच घरी येतो. किल्ली त्याच्याजवळ असते. पण खालच्या जिन्यातूनच त्याची हाक येते, ‘अब्बा, मी आहे.’ कधी कधी त्या हाकेने ताईंचीही झोपमोड होते आणि त्या आतूनच ओरडून विचारतात, ‘आला का रे?’